विजेविना पाणी – 7 : ओढायचं की ढकलायचं?

वाळूच्या गाळणीचा भाग एक आठवडा लांबणार. कारण भोर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र. डोंगरउतारावरचं घर, वीज पोचलेली नाही, 40 फूट विहीर. काठावरचा सोलर पंप पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत बिनतक्रार चालला आणि वैशाखात पाणी देईना. मेकॅनिकने आधी सील बदललं, मग फूट व्हॉल्व्ह. आता तो मोटरच बदला म्हणतो.

मोटर बदलून काहीही होणार नाही.

काठावरचा पंप सक्शन पाइपातला दाब फक्त कमी करतो. पाण्याला वर चढवतो तो विहिरीवर पडणारा वातावरणाचा दाब, आणि त्याची धाव समुद्रसपाटीला 10.3 मीटरपर्यंतच. 18 हातांपलीकडे पाणी न चढवणाऱ्या पंपाची हकिकत गॅलिलिओच्या 1638च्या ग्रंथात आहे. तिचं कारण उलगडलं त्याच्या शिष्याने, टॉरिचेलीने. महाबळेश्वरच्या उंचीवर ही धाव पावणेनऊ मीटरवर येते. त्यातून पाइपाचं घर्षण, एल्बो आणि फूट व्हॉल्व्ह यांचा वाटा गेला की हाती 6-7 मीटर उरतात, म्हणजे वीस-बावीस फूट. काळ्या पाषाणातल्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात याच्याही खाली सहज जातं. मग पंपात खडे घोळल्यासारखा आवाज येतो आणि धार तुटते.

गावोगावच्या ‘इंडिया मार्क टू’ हातपंपाने हा प्रश्न सोडवलाय. सोलापुरात घडलेला पंप हा त्याचा पूर्वज. दांडा वर असला, तरी सिलिंडर खाली पाण्यात बुडालेला असतो. दट्ट्या पाणी खालून उचलतो. म्हणून तो 45 मीटरवरूनही पाणी देतो, आणि तेही दिवसभर गावाचे हात सोसून.

पूर्वी शेतकरी ऑइल इंजिनच विहिरीतल्या ओट्यावर उतरवत; तिथे धूर कोंडणं जीवघेणं ठरे. आज छोटा सोलर सबमर्सिबल मिळतो, तोच घ्यावा. 1,000 लिटर पाणी 15 मीटर चढवायला हिशेबाने 41 वॅट-तास लागतात. पंपाची कार्यक्षमता एक तृतीयांश धरली तरी सव्वाशेच्या आत भागतं. 100 वॅटचं एक पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी याच्या तिप्पट देतं. उरलेलं ढगाळ दिवसांना उपयोगी.

पत्रासोबतच्या फोटोत आणखी एक गोष्ट दिसली : कार्ट्रिज फिल्टर सक्शन पाइपावर, पंपाच्या आधी. तो गाळाने चोंदला की आधीच अपुऱ्या दाबातला आणखी हिस्सा खातो. सक्शनला फक्त जाळी असावी. फिल्टर डिलिव्हरीच्या बाजूला, आणि शक्यतो टाकीच्या पुढे, म्हणजे टाकीतच बराच गाळ बसतो आणि कार्ट्रिज जास्त टिकतं.

पंप घेण्याआधी वैशाखात दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडावा. दोरीचा कोरडा भाग म्हणजे काठापासून पाण्याची खोली, ओला भाग म्हणजे शिल्लक पाणी. दुकानदाराला टाकीच्या उंचीसोबत हे दोन्ही आकडे द्यावेत.