अळवावरचें पाणी

‘अळवावरचें पाणी’ हा शब्दप्रयोग क्षणभंगुर गोष्टीविषयीं आपण सदैव करतों. परंतु तें पाणी पानावर कां ठरत नाहीं याचा विचार क्वचितच होतो. पान गुळगुळीत, म्हणून पाणी घसरतें, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे.

जर्मनींतील बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यंत्रांतून नाना जातींचीं पानें तपासलीं, तेव्हां जीं सदा स्वच्छ असत तींच खडबडीत आढळलीं. कमळाच्या पानावर मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या हिश्शाएवढे उंचवटे दाटीनें असतात, व त्यांवर मेणाचे त्याहूनहि बारीक कण. थेंब या टोकांवरच टेकतो, खालच्या फटींत हवा राहते. सबब तो न पसरतां गोळी होऊन गडगडतो. धुळीचा कणहि टोकांवरच अलगद बसलेला असल्यामुळें थेंब त्यास बरोबर घेऊन जातो. बार्थलॉट व त्यांचे सहकारी नाइनहुइस यांनीं १९९७ सालीं हें सविस्तर प्रसिद्ध केलें. त्यांच्या प्रयोगांत अळूहि होता आणि कोबीहि.

या पानाची नक्कल करून १९९९ सालीं ‘लोटुसान’ नांवाचा बाहेरच्या भिंतींचा रंग निघाला. तो वाळल्यावर सूक्ष्म खडबडीत राहतो व पावसानें भिंतीची धूळ धुतली जाते. मात्र नक्कल पुरी साधली असें आम्हांस म्हणवत नाहीं. मेण झिजलें तर जिवंत पान तें पुन्हां घडवितें. भिंतीस ती सोय नाहीं.

आतां शेताकडे वळूं. कांदा व कोबी यांच्या पानांवर असाच मेणाचा थर असतो. औषध नुसत्या पाण्यांत कालवून फवारलें तर त्याचे थेंब गडगडून जमिनीवर पडतात, आणि पदरचे पैसे मातींत जाऊन कीड जशीच्या तशी राहते. साबण किंवा दुकानांत ‘स्टिकर’ म्हणून मिळणारा द्रव थेंबाची ही गोळी मोडतो व पाणी पानावर पसरतें. म्हणून फवारणीपूर्वीं साधें पाणी चारदोन पानांवर शिंपडून पाहावें. थेंब मोत्यांसारखे ओघळले तर स्टिकर घालणें अवश्य समजावें. प्रमाण औषधाच्या डब्यावरील सूचना पाहूनच ठेवावें. अधिक झाल्यास औषध एकजात ओघळून जातें व कोवळीं पानें करपण्याचें भय असतें. क्षारयुक्त विहिरीच्या पाण्यांत साबणास फेसच येत नाहीं. तेथें त्याच्या भरंवशावर राहूं नये.