पात्राच्या आडोशाने

चित्रपटासाठी गाणे लिहिणाऱ्या पॉप गायकाला मोकळीक कमीच असते. प्रसंग ठरलेला, पात्र दुसऱ्याने घडवलेले आणि गाणे कधी हवे तेही ठरवणारे दुसरेच. तरीही इंग्रजी पॉप संगीतातली अत्यंत खासगी अशी काही गाणी नेमकी अशाच मागणीवरून जन्माला आली. आपल्याकडच्या चित्रपटांत गीतकार, संगीतकार आणि पार्श्वगायक ही बहुधा तीन वेगळी माणसे असतात, त्यामुळे गायकाचे आयुष्य शब्दांत थेट उतरण्याचा प्रसंग विरळा. अमेरिका-ब्रिटनमधला गायक-गीतकार मात्र स्वतः लिहितो, चाल बांधतो आणि गातो. जे स्वतःच्या नावाने बोलणे जड जाते, ते पात्राच्या नावाने बोलण्याची सोय चित्रपट त्याला करून देतो.

या प्रकारातले सर्वांत परिचित गाणे एरिक क्लॅप्टनचे. २० मार्च १९९१ रोजी त्याचा चार वर्षांचा मुलगा कॉनर न्यूयॉर्कमधील एका इमारतीच्या ५३व्या मजल्यावरील खिडकीतून पडून गेला. त्याच वर्षी क्लॅप्टन ‘रश’ या चित्रपटाला संगीत देत होता. लिली फिनी झॅनक यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मादक पदार्थांच्या विक्रेत्यांमध्ये वेष पालटून वावरणाऱ्या आणि स्वतःच व्यसनात बुडणाऱ्या दोन पोलिसांचा आहे. मुलाच्या मृत्यूशी त्याचा काहीही संबंध नाही. पण हेरॉइनच्या विळख्यातून गेलेल्या क्लॅप्टनला ते जग अनोळखी नव्हते, आणि चित्रपटाला एका शांत गाण्याची जागा होती. तिथे ‘टिअर्स इन हेवन’ आले. सहलेखक विल जेनिंग्ज यांना हा विषय इतका खासगी वाटला की, हे गाणे क्लॅप्टननेच पुरे करावे असा त्यांचा आग्रह होता. शेवटी त्यांनी हात लावला तो क्लॅप्टनच्याच विनंतीवरून. परलोकात भेट झाली तर मुलगा आपल्याला ओळखेल का, या एका शंकेवर गाणे उभे आहे. चाल आक्रोश करत नाही. गिटारच्या मृदू सुरावटीवर आवाज जेमतेम बोलण्याच्या पट्टीत राहतो, आणि हा संयमच ऐकणाऱ्याला हलवून सोडतो. १९९३च्या ग्रॅमी सोहळ्यात गाण्याला तीन पुरस्कार मिळाले. २००४ साली क्लॅप्टनने ते मैफलीत गाणे थांबवले, कारण ज्या दुःखातून ते आले ते आता त्या तीव्रतेने जाणवत नाही, असे त्याचे म्हणणे होते. पुढे बऱ्याच वर्षांनी ते त्याच्या कार्यक्रमांत परतले.

ब्रूस स्प्रिंगस्टीनकडे १९९३ साली आलेली मागणी स्पष्ट होती. एड्स झाल्यामुळे नोकरी गमावलेल्या वकिलाची कथा जोनाथन डेमी ‘फिलाडेल्फिया’मध्ये सांगत होते. एड्सपासून तोंड फिरवणारा सर्वसामान्य प्रेक्षक चित्रपटगृहात यावा, यासाठी त्यांना एक रॉक गायक हवा होता. स्प्रिंगस्टीनने आधी दणदणीत रॉक गाणे करून पाहिले, ते जमेना. मग एका जवळच्या मित्राच्या मृत्यूवर अर्धवट लिहिलेल्या ओळी त्याने हाती घेतल्या आणि घरच्या स्टुडिओत ड्रम मशीन व सिंथेसायझरवर गाणे उभे केले. एकसुरी ठेका शेवटपर्यंत बदलत नाही, त्यावर थकलेला आवाज चालत राहतो. चित्रफितीत फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवरून चालताना त्याने लपवलेल्या माइकवर प्रत्यक्ष गायले आहे, आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गायनावर ओठ हलवलेले नाहीत. त्यामुळे धाप आणि रस्त्यावरचे आवाजही गाण्याचा भाग झाले. ‘स्ट्रीट्स ऑफ फिलाडेल्फिया’ला ऑस्कर आणि चार ग्रॅमी मिळाले.

एमिनेमच्या २००२ सालच्या ‘लूज युवरसेल्फ’मध्ये आडोसा जवळजवळ पारदर्शक आहे. ‘एट माइल’ची कथा डेट्रॉइटमधल्या त्याच्याच तरुणपणावर बेतलेली आणि नायकही तोच. गाण्याचे शब्द त्याने चित्रीकरणाच्या मधल्या वेळेत, सेटवरच लिहिले. ऑस्कर मिळवणारे हे पहिले रॅप गाणे. सोहळ्याला तो गेला नव्हता. ते गाणे ऑस्करच्या मंचावर त्याने सादर केले ते थेट २०२० साली.

अलीकडचे आणि बहुधा सर्वांत उल्लेखनीय उदाहरण बिली आयलिशचे. लॉस एंजेलिसमध्ये १८ डिसेंबर २००१ रोजी जन्मलेली बिली थोरला भाऊ फिनियस ओकॉनेल याच्यासोबत गाणी रचते. तिचा पहिला अल्बम २०१९ साली आला. तो भावाच्या खोलीतच ध्वनिमुद्रित झाला होता, आणि २०२०च्या ग्रॅमी सोहळ्यातले चारही प्रमुख पुरस्कार तिने एकाच रात्री पटकावले. यशाच्या पाठोपाठ शरीराची चर्चा सुरू झाली. आपल्या देहावर कोणी शेरे मारू नयेत म्हणून आपण ढगळ कपडे घालतो, हे तिने उघडपणे सांगितले होते.

जानेवारी २०२३मध्ये दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग यांनी भावाबहिणीला ‘बार्बी’तले काही तयार प्रसंग दाखवले. त्या काळात दोघांना काहीच सुचत नव्हते. प्रसंग पाहिल्यावर मात्र गाणे झरझर उतरले. आपण बार्बीच्या मनातले लिहितो आहोत अशी बिलीची समजूत होती. शब्द न् शब्द आपल्याच विषयी आहे, हे तिच्या लक्षात आले ते काही दिवसांनी. ही कबुली महत्त्वाची आहे. क्लॅप्टन जाणूनबुजून लिहीत होता, इथे पात्राने गायिकेला नकळत बोलते केले. बार्बी ही १९५९ साली बाजारात आलेली बाहुली, इतरांनी पाहावे म्हणून घडवलेली. चित्रपटात तिला मृत्यूचे विचार येऊ लागतात आणि आपण नेमके कशासाठी आहोत हा प्रश्न सतावतो. किशोरवयातच जगाच्या नजरेसमोर आलेल्या मुलीला हा प्रश्न परका कसा वाटावा?

‘व्हॉट वॉज आय मेड फॉर?’ पियानोच्या मोजक्या स्वरांवर सुरू होते. आवाज कुजबुजीच्या पातळीवर, श्वास ऐकू येईल इतका जवळ. मार्क रॉन्सन आणि अँड्र्यू वायट यांनी हीच धून पार्श्वसंगीतातही गुंफल्याने गाणे येण्याआधीच ती प्रेक्षकाच्या कानात रुजलेली असते. बाहुलीची जननी रूथ हँडलर आणि बार्बी समोरासमोर येतात तेव्हा गाणे वाजते आणि पडद्यावर घरगुती चित्रफितींतले क्षण सरकतात. चित्रपटाच्या चमूतल्या लोकांनी दिलेल्या या खऱ्याखुऱ्या फिती आहेत. गुलाबी, चकचकीत चित्रपटात त्या अचानक आल्याने गळा दाटून येतो, आणि त्याचे निम्मे श्रेय तरी गाण्याचेच.

गाण्याची चित्रफीत बिलीने स्वतः दिग्दर्शित केली. पिवळा पोशाख आणि पोनीटेल अशा बाहुलीच्या रूपात ती मेजाशी बसते, पेटीतून चिमुकले कपडे काढून एकेक टांगू लागते. हे कपडे म्हणजे तिने जाहीर कार्यक्रमांत घातलेल्या पोशाखांच्या छोट्या प्रतिकृती. मग वारा सुटतो, पाऊस कोसळतो, मेज हादरते. ती कपडे सावरत राहते. गाण्याचा खासगी अर्थ एकाही शब्दाविना इथे उलगडतो.

जुलै २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गाण्याने पुढच्या वर्षी ‘साँग ऑफ द इयर’चे ग्रॅमी आणि १० मार्च २०२४ रोजी ऑस्कर मिळवले. ‘नो टाइम टू डाय’ या गाण्यानंतरचे भावंडांचे हे दुसरे ऑस्कर. दोन ऑस्कर मिळवणारी सर्वांत तरुण व्यक्ती ठरली तेव्हा बिली बावीस वर्षांची होती. या गाण्यानेच आपली कोंडी फोडली, असे ती नंतर म्हणाली. मे २०२४मध्ये आलेला ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ हा अल्बम त्या मोकळ्या झालेल्या काळातला आहे.