लांबी तुम्ही लिहिली नाहीत, तर डेटाबेस लिहितो

एसक्यूएल सर्व्हरमध्ये एनव्हारचार प्रकारचे एक व्हेरिएबल घ्या, कंसात लांबी लिहू नका आणि त्यात 'नाहूर' भरा. परत वाचले की हाती फक्त 'न' लागतो. एरर येत नाही, साधा इशाराही येत नाही. लांबी न सांगितल्यामुळे सर्व्हरने ती एक धरली आणि उरलेले टाकून दिले.

कॉलमचा प्रकार बदलताना होणारे बरेचसे घोटाळे याच जातीचे असतात. उदाहरणाला नाहूरमधली एक काल्पनिक सोसायटी घेऊ. भांडुप आणि मुलुंडच्या मधल्या या पट्ट्यात टॉवर उभे राहिले, तशा सहकारी गृहनिर्माण संस्थाही वाढल्या. प्रत्येकीला 'आय' नमुन्यात सभासदांची नोंदवही आणि 'जे' नमुन्यात सभासदांची यादी ठेवावी लागते. आपल्या सोसायटीत ८४ फ्लॅट आहेत आणि हे सगळे डेटाबेसमध्ये आहे.

न सांगितलेली लांबी म्हणजे किती?

याचे एकच उत्तर नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. एसक्यूएलच्या मानकानुसार नुसते 'चार' लिहिले तर लांबी एक. बहुतेक डेटाबेस हे पाळतात. पुढे मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मायएसक्यूएल व्हारचारला लांबी मागतोच, नाही दिली तर कमांड नाकारतो. हे सर्वांत सभ्य वागणे. पोस्टग्रेसमध्ये लांबी न देता व्हारचार लिहिले की मर्यादाच नसते. ओरॅकल व्हारचार-टूला लांबी सक्तीची करतो. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस जुन्या आवृत्त्यांत मजकुराच्या रकान्याला ५० धरायचा, २००७ पासून २५५ धरतो.

एसक्यूएल सर्व्हर तर दोन आकडे बाळगतो. व्हेरिएबल, पॅरामीटर किंवा कॉलम जाहीर करताना लांबी वगळली तर १. कास्ट किंवा कन्व्हर्टमध्ये वगळली तर ३०. हा तिसाचा आकडा सायबेसकडून आलेला वारसा आहे. कॉलममध्ये लांब मजकूर बसला नाही तर सर्व्हर निदान एरर देतो. व्हेरिएबल आणि कास्ट मात्र मुकाट्याने कापतात, म्हणून चूक टेबलात सापडत नाही. ती टेबलापर्यंत डेटा पोहोचवणाऱ्या प्रोसिजरमध्ये बसलेली असते.

समजा संस्थेचे नाव 'गुलमोहर सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' आहे. संगणकाच्या मोजणीने ही ४१ चिन्हे होतात. कास्टमध्ये नुसते एनव्हारचार लिहिले की उरते 'गुलमोहर सहकारी गृहनिर्माण संस्'. 'सहकारी' पासून 'मर्यादित' पर्यंतची शेपटीच ३३ चिन्हांची आहे; म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गृहनिर्माण संस्थेचे पूर्ण नाव या तिसात मावणार नाही.

खोक्यात राहिलेला जुना आकडा

कमांड हाताने लिहिणाऱ्यापेक्षा खिडकीत बटणे दाबून बदल करणारा जास्त फसतो. पीएचपीमायॲडमिनमध्ये प्रकार आणि लांबी या दोन वेगळ्या जागा आहेत. यादीतून इंट काढून व्हारचार निवडला, तरी शेजारच्या खोक्यात जुना ११ तसाच राहतो. काही साधने उलट करतात, प्रकार बदलताच स्वतःचा ठरलेला आकडा भरून टाकतात. दोन्हींत आकडा तुम्ही दिलेला नसतो, पण बदल तुमच्या नावावर पडतो.

आपल्या टेबलात फ्लॅट क्रमांक आधी इंट(११) होता. पुढे कोणीतरी शेजारचे दोन फ्लॅट एकत्र केले, 'बी विंग १२०३ व १२०४' असे लिहायची वेळ आली, म्हणून प्रकार व्हारचार केला आणि ११ राहिला. मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर टेबलात जाते 'बी विंग १२०'. कापलेली नोंद निदान तुटकी दिसावी, तर ही अगदी खऱ्या पत्त्यासारखी दिसते! स्ट्रिक्ट मोड ५.७ आवृत्तीपासून मुळातच चालू असतो, पण जुने ॲप्लिकेशन अडते म्हणून तो बंद करून ठेवणारे कमी नाहीत.

या ११ बद्दलचा गैरसमजही जुना आहे. इंट(११) म्हणजे अकरा अंक मावतात असे नव्हे. तो फक्त दाखवण्याच्या रुंदीचा आकडा. इंटची कमाल किंमत २,१४,७४,८३,६४७. आपले मोबाइल क्रमांक ६ ते ९ ने सुरू होणारे दहा अंकी, म्हणजे एकही त्यात बसत नाही. स्ट्रिक्ट मोड नसेल तर सगळ्या सभासदांचा मोबाइल २१४७४८३६४७ असा एकच होतो. असा क्रमांक यादीत दिसला की दुसरे कारण शोधत बसू नका. मायएसक्यूएलने ८.०.१७ पासून ही रुंदी बाद ठरवली आहे, ते बरेच झाले. लँडलाइनच्या ०२२ मधला पहिला शून्य मात्र इंटमध्ये एकदा गेला की पुढे व्हारचार करून परत येत नाही.

पैसे कुठे गेले?

हा प्रकार सर्वांत महागात पडतो. देखभाल शुल्काचा कॉलम फ्लोटवरून डेसिमल करणे योग्यच. पण मायएसक्यूएलमध्ये नुसते डेसिमल लिहिले तर त्याचा अर्थ डेसिमल(१०,०), म्हणजे दशांशाला जागाच नाही. ३२४५.५० रुपयांचे बिल ३२४६ होते. सर्वांचे शुल्क सारखे असेल तर ८४ बिलांत ४२ रुपये जास्त. ३२४५.२५ असेल तर २५ पैसे प्रत्येकी कमी.

इथे स्ट्रिक्ट मोडही मदतीला येत नाही. दशांश गोल करणे ही त्याच्या लेखी चूक नाही. तो फक्त एक टीप नोंदवतो, आणि ती 'शो वॉर्निंग्ज' चालवल्याशिवाय बहुधा कोणी पाहत नाही. एसक्यूएल सर्व्हरचा डेसिमल (१८,०) असतो, तोही गुपचूप गोल करतो. पोस्टग्रेसचा न्यूमेरिक आणि ओरॅकलचा नंबर मोकळे सोडले तर दशांश जसाच्या तसा ठेवतात. त्यामुळे एका डेटाबेसवर वर्षभर बिनतक्रार चाललेली कमांड दुसऱ्यावर नेली की ऑडिटच्या वेळी ताळा जुळत नाही.

मराठी अक्षर किती जागा खाते

लांबी कशात मोजायची, हाही प्रश्न आहे. 'ज्ञानेश्वर' आपल्या लेखी चार अक्षरे. युनिकोडमध्ये हलन्त, काना, मात्रा वेगळे मोजले जातात, म्हणून ती दहा चिन्हे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून तीस बाइट.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस व्हारचारची लांबी चिन्हांत मोजतात. ओरॅकल, वेगळे सांगितले नाही तर, बाइटमध्ये मोजतो. तिथे व्हारचार-टू(३०) मध्ये 'ज्ञानेश्वर' काठोकाठ बसेल आणि 'ज्ञानेश्वरराव' बाहेर राहील. उपाय सोपा आहे: कंसात आकड्यापुढे 'चार' हा शब्द लिहायचा. एसक्यूएल सर्व्हरच्या साध्या व्हारचारमध्ये, यूटीएफ-८ कोलेशन नसेल तर, मराठीची प्रश्नचिन्हे होतात. एनव्हारचारवरून व्हारचारवर उतरताना हे आधी तपासावे.

शोध कसा घ्यायचा

आधी 'इन्फर्मेशन स्कीमा' मधून टेबलाच्या कॉलमांची यादी काढा: प्रकार, कमाल लांबी, बाइटमधली लांबी, अंकांची एकूण संख्या, दशांश. बदलाआधीची आणि नंतरची यादी शेजारी ठेवली की न मागितलेला बदल लगेच दिसतो. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर या तिघांतही ही सोय आहे.

मग डेटाकडे वळा. ज्या नोंदींची लांबी बरोबर मर्यादेइतकी आहे त्या मोजा. मर्यादा ३० आणि वीसेक नावे नेमकी ३० चिन्हांची, असा योगायोग नसतो. मराठीत आणखी एक खूण हाताशी आहे: हलन्तावर संपणारी नोंद. वरचे 'संस्' असेच सापडते. मायएसक्यूएलमध्ये 'लेंग्थ' बाइट सांगते आणि 'चार लेंग्थ' चिन्हे; या दोहोंची गल्लत करून चुकीच्या कॉलमवर संशय घेणारे पुष्कळ.

एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्या मजकूर कापला जाईल एवढेच सांगायच्या, कुठल्या कॉलममध्ये ते नाही. २०१९ च्या आवृत्तीत टेबल, कॉलम आणि कापलेली किंमत एररमध्येच येते. जुन्यावर असाल तर बहुधा कॉलम एकेक करून तपासावे लागतात.

पोस्टग्रेसमधली एक खाच लक्षात ठेवा. प्रकार बदलताना जास्त लांब नाव आडवे आले की तो थांबतो. ही एरर टाळायला 'युझिंग' लिहून त्यात व्हारचार(३०) असा कास्ट केला, की तोच पोस्टग्रेस बिनबोभाट कापतो, कारण स्पष्ट कास्टमध्ये कापणे मानकाला मान्य आहे. एरर घालवण्याचा हा उपाय आजारापेक्षा वाईट.

ऑल्टर चालवण्याआधी

मायएसक्यूएलच्या 'मॉडिफाय' मध्ये कॉलमची पूर्ण व्याख्या पुन्हा लिहावी लागते. 'नॉट नल', डिफॉल्ट, शेरा यांतले जे वगळाल ते गेले. म्हणून 'शो क्रिएट टेबल' मधली जुनी ओळ उतरवून तिच्यातच दुरुस्ती करावी. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ऑल्टर ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवून मागे घेता येतो. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये तो तत्क्षणी कायम होतो, तेव्हा टेबलाची प्रत आधी काढा.

चाचणीसाठी 'टेस्ट' आणि 'एबीसी' भरू नका. त्यांनी कुठलीच मर्यादा उघडी पडत नाही. संस्थेचे 'मर्यादित' पर्यंतचे पूर्ण नाव, जोडाक्षरांनी भरलेले एखादे नाव-आडनाव, +९१ सकट मोबाइल आणि पन्नास पैशांचे बिल एवढ्या चार नोंदी भरा, बदल करा आणि परत वाचून पाहा.