पपी लिनक्सची हार्ड डिस्कवरील स्थापना

पपी लिनक्स ही कमी क्षमतेच्या व जुन्या संगणकांसाठी तयार केलेली, आकाराने लहान अशी मुक्त स्रोत संचालन प्रणाली आहे. ती सीडीवरून थेट चालू शकते व त्यासाठी हार्ड डिस्कवर काहीही लिहावे लागत नाही. तीच प्रणाली सीडीवरून हार्ड डिस्कवर कायमस्वरूपी आणण्याच्या क्रियेला हार्ड डिस्कवरील स्थापना असे म्हणतात. ही स्थापना दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकाराला काटकसरी स्थापना किंवा फ्रुगल इन्स्टॉल, तर दुसऱ्याला पूर्ण स्थापना किंवा फुल इन्स्टॉल असे म्हटले जाते. बहुतेक लिनक्स वितरणांमध्ये पूर्ण स्थापना हीच रूढ पद्धत असली, तरी पपी लिनक्सची रचना काटकसरी स्थापनेला अधिक अनुकूल आहे.

== पार्श्वभूमी ==

पपी लिनक्सची निर्मिती ऑस्ट्रेलियातील बॅरी काउलर यांनी केली. तिची पहिली आवृत्ती जून २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. काउलर यांच्या चिवावा जातीच्या कुत्र्यावरून प्रणालीला हे नाव मिळाले. पुढे काउलर यांनी 'वूफ' नावाची बांधणी-व्यवस्था तयार केली. तिच्या साहाय्याने उबुंटू, डेबियन, स्लॅकवेअर यांसारख्या अन्य वितरणांचे घटक वापरून पपीच्या आवृत्त्या तयार करता येतात. २०१० मधील ल्युसिड पपी ही उबुंटूच्या, तर स्लॅको पपी ही स्लॅकवेअरच्या घटकांवर आधारलेली आवृत्ती होय. त्यामुळे पपी लिनक्स हे एकाच वितरणाचे नाव न राहता समान रचनेच्या अनेक वितरणांच्या कुटुंबाचे नाव झाले आहे. काउलर निवृत्त झाल्यावर हे काम स्वयंसेवकांच्या समूहाकडे आले.

प्रणालीचा आकार हा तिचा ठळक विशेष आहे. चौथ्या मालिकेतील आवृत्त्यांची सीडी-प्रतिमा सुमारे १०० मेगाबाइटची होती. २०२० मधील फोसापप ६४ या आवृत्तीची प्रतिमा सुमारे ४०० मेगाबाइटची आहे. म्हणजे ७०० मेगाबाइटच्या साध्या सीडीवर तीही मावते. अनेक जुन्या संगणकांच्या बायोसमध्ये पेनड्राइव्हवरून सुरू होण्याची सोय नसते. अशा संगणकांवर नवी प्रणाली आणण्यासाठी सीडी हाच सरळ मार्ग उरतो. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार थांबवला. यंत्र सुस्थितीत आहे, परंतु नव्या विंडोजसाठी त्याची क्षमता पुरत नाही, अशा संगणकांना पपीसारख्या हलक्या प्रणालींचा उपयोग होतो.

== रचना ==

स्थापनेच्या दोन प्रकारांतील भेद कळण्यासाठी प्रणाली सीडीवरून कशी चालते हे पाहणे आवश्यक आहे. पपीच्या सीडीवर मुख्यतः तीन महत्त्वाच्या संचिका असतात. पहिली कर्नेलची, दुसरी प्रारंभिक रॅमडिस्कची आणि तिसरी 'स्क्वॉशएफएस' या संकुचित स्वरूपातील मुख्य संचिका. सर्व आज्ञावली, चित्रे व मांडणी या तिसऱ्या संचिकेत दाबून भरलेली असते. काही आवृत्त्यांमध्ये हार्डवेअर-चालकांसाठी आणखी एक वेगळी संचिका असते.

संगणक सुरू होताना ही मुख्य संचिका, पुरेशी जागा असल्यास, रॅममध्ये उतरवली जाते. रॅमचा वेग सीडीपेक्षा कितीतरी अधिक असल्याने जुन्या यंत्रावरही आज्ञावली झटपट उघडतात. मुख्य संचिका केवळ वाचता येते, तीत बदल करता येत नाही. वापरकर्त्याने केलेले बदल तिच्यावर पसरलेल्या दुसऱ्या, लिहिता येण्याजोग्या थरात साठतात. दोन्ही थर मिळून वापरकर्त्याला एकच अखंड प्रणाली दिसते. संगणक पहिल्यांदा बंद करताना हा वरचा थर कोठे साठवायचा, असे पपी विचारते. होकार दिल्यास हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर एक जतन संचिका तयार होते. तिला 'पपसेव्ह' म्हणतात. नकार दिल्यास त्या बैठकीतील सर्व बदल नाहीसे होतात आणि पुढच्या वेळी प्रणाली पुन्हा कोरी सुरू होते.

== स्थापनेचे प्रकार ==

=== काटकसरी स्थापना ===

या प्रकारात सीडीवरील वरील संचिका जशाच्या तशा हार्ड डिस्कवरील एका फोल्डरमध्ये नकलून ठेवल्या जातात. प्रणाली सीडीवरून ज्या रीतीने चालते त्याच रीतीने हार्ड डिस्कवरून चालते. सीडीची जागा तेवढी फोल्डर घेतो. त्यासाठी स्वतंत्र विभाग म्हणजेच पार्टिशन लागत नाही. विंडोज असलेल्या विभागातही हा फोल्डर राहू शकतो. एकाच विभागात वेगवेगळ्या फोल्डरांत पपीच्या अनेक आवृत्त्या नांदू शकतात. आवृत्ती नकोशी झाल्यास तिचा फोल्डर व प्रारंभ-यादीतील तिची नोंद काढून टाकणे पुरेसे असते.

=== पूर्ण स्थापना ===

या प्रकारात संकुचित मुख्य संचिका उलगडून तिच्यातील हजारो लहान संचिका एका स्वतंत्र विभागावर पसरवल्या जातात. हा विभाग लिनक्सच्या संचिका-व्यवस्थेचा, उदाहरणार्थ ईएक्सटी ३ किंवा ईएक्सटी ४, असावा लागतो. येथे थर नसतात व जतन संचिकाही नसते. प्रत्येक बदल थेट विभागावर लिहिला जातो. संचिका उलगडलेल्या असल्याने त्या रॅममध्ये साठवून ठेवाव्या लागत नाहीत. म्हणून रॅम २५६ मेगाबाइट किंवा त्याहून कमी असलेल्या यंत्रांवर पूर्ण स्थापना उपयुक्त ठरते. मात्र मूळ प्रणाली व वापरकर्त्याचे बदल एकमेकांत मिसळून गेल्यामुळे बिघाड झाल्यास पूर्वस्थितीत परतणे आणि नव्या आवृत्तीकडे जाणे ही दोन्ही कामे अवघड होतात.

== पूर्वतयारी ==

स्थापनेतील सर्वांत गंभीर धोका हार्ड डिस्कवरील जुनी माहिती कायमची नष्ट होण्याचा असतो. विभागाचा आकार बदलणे किंवा तो नव्याने संरूपित करणे या क्रियांनी हे घडू शकते. त्यामुळे छायाचित्रे, कागदपत्रे, हिशेब इत्यादींची प्रत आधी अन्य माध्यमावर काढून ठेवणे अत्यावश्यक मानले जाते. या कामासाठीही पपीची सीडी वापरता येते. विंडोज सुरू होत नसलेल्या संगणकावरही पपी सीडीवरून सुरू करून हार्ड डिस्कवरील संचिका पाहता येतात व पेनड्राइव्हवर उतरवता येतात.

सीडी तयार करताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे उतरवून घेतलेल्या प्रतिमेची बेरीज-तपासणी. प्रकाशकाने दिलेला एमडी ५ अंक व आपल्या संचिकेचा अंक जुळला, तरच ती अखंड आहे असे समजावे. दुसरी म्हणजे प्रतिमा सीडीवर साधी संचिका म्हणून न लिहिता 'प्रतिमा' या पर्यायानेच लिहावी, अन्यथा त्या सीडीवरून संगणक सुरू होत नाही. जुन्या सीडी ड्राइव्हना वेगाने लिहिलेली सीडी वाचताना अडचण येऊ शकते, म्हणून लेखनाचा वेग कमी ठेवणे हिताचे असते.

आवृत्ती निवडताना प्रोसेसरही पाहावा लागतो. ६४ बिटची आवृत्ती ३२ बिटच्या प्रोसेसरवर चालत नाही. तसेच काही कर्नेलांना 'पीएई' ही सोय लागते. सुरुवातीचे काही पेन्टियम एम प्रोसेसर ही सोय असल्याचे कळवत नाहीत, त्यामुळे असे कर्नेल त्यांवर सुरू होण्यास नकार देते. अशा यंत्रांसाठी पीएईविरहित आवृत्ती निवडावी.

== काटकसरी स्थापनेची पद्धत ==

प्रथम संगणकाच्या बायोसमध्ये प्रारंभाचा क्रम बदलून सीडी ड्राइव्हला अग्रक्रम द्यावा. पपी सुरू झाल्यावर पडदा, आवाज, कळफलक व जाळेजोडणी नीट चालतात का हे पाहावे. हार्ड डिस्कला हात न लावता यंत्राची ही चाचणी होत असल्याने स्थापना करावी की नाही, हे येथेच ठरवता येते.

लिनक्समध्ये हार्ड डिस्कला 'एसडीए' व तिच्या पहिल्या विभागाला 'एसडीए १' अशी नावे असतात. जुन्या कर्नेलांमध्ये आयडीई जोडणीच्या डिस्कला 'एचडीए' म्हटले जाई. विंडोजमधील 'सी' व 'डी' ही अक्षरे येथे दिसत नाहीत. विभागाचा आकार आणि त्यातील संचिका पाहून ओळख पटवल्याशिवाय पुढे जाऊ नये. नवा विभाग करायचा असल्यास पपीमधील 'जीपार्टेड' ही आज्ञावली वापरली जाते. तीत निवडलेले बदल 'लागू करा' अशी आज्ञा देईपर्यंत डिस्कवर लिहिले जात नाहीत.

त्यानंतर 'सेटअप' या यादीतील 'पपी युनिव्हर्सल इन्स्टॉलर' सुरू करावा. तो पुढील क्रमाने माहिती विचारतो :

# प्रणाली कोणत्या प्रकारच्या माध्यमावर बसवायची आहे. येथे अंतर्गत हार्ड डिस्क निवडावी.
# कोणती डिस्क व तिच्यावरील कोणता विभाग वापरायचा.
# पपीच्या मूळ संचिका कोठे आहेत. येथे सीडी निवडावी.
# काटकसरी की पूर्ण स्थापना करायची.
# काटकसरी स्थापना असल्यास फोल्डरचे नाव काय ठेवायचे.

संचिकांची नक्कल झाल्यानंतर बूट लोडर बसवावा लागतो. संगणक सुरू होताना कर्नेलला रॅममध्ये आणणारी ही छोटी आज्ञावली आहे. पपीच्या अनेक आवृत्त्यांत त्यासाठी 'ग्रब फॉर डॉस' दिलेली असते. ती डिस्कवरील सर्व प्रणाली शोधून प्रारंभ-यादी तयार करते आणि विंडोज आढळल्यास त्याचीही नोंद यादीत घेते. यादीतील पपीच्या नोंदीत फोल्डरचे नाव अचूक असणे महत्त्वाचे असते. ते चुकल्यास कर्नेल सुरू होते, परंतु मुख्य संचिका सापडत नाही व प्रारंभ तेथेच थांबतो.

शेवटी सीडी काढून संगणक पुन्हा सुरू करावा. पहिल्यांदा बंद करताना जतन संचिकेचा आकार विचारला जातो. ५१२ मेगाबाइट हा आकार सामान्य वापरास पुरतो व पुढे तो वाढवता येतो. फॅट ३२ विभागावर कोणतीही एक संचिका ४ गीगाबाइटपर्यंत पोचू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे. लिनक्सच्या विभागावर नंतरच्या आवृत्त्या संचिकेऐवजी जतन फोल्डरही वापरू देतात. त्याला ठरावीक आकाराचे बंधन नसते.

== सामान्य अडचणी ==

* '''संगणक सीडी वगळून पुढे जातो :''' बायोसमधील प्रारंभाचा क्रम बदललेला नसतो, किंवा सीडी प्रतिमा म्हणून लिहिलेली नसते.
* '''मोठ्या डिस्कवरील संचिका सापडत नाहीत :''' २८ बिटच्या पत्त्यांवर चालणारे जुने बायोस सुमारे १३७ गीगाबाइटच्या पलीकडचा भाग वाचू शकत नाहीत. पपीचा फोल्डर डिस्कच्या आरंभीच्या विभागात ठेवल्यास ही अडचण टळते.
* '''विंडोजच्या विभागावर लिहिता येत नाही :''' विंडोज पूर्णपणे बंद न होता सुप्तावस्थेत गेलेले असते. ते नीट बंद करून मग पपी सुरू करावी.
* '''अचानक वीज गेल्याने जतन संचिका दूषित होते :''' प्रारंभाच्या वेळी 'पीफिक्स' या पर्यायाला 'एफएससीके' हे मूल्य दिल्यास तिची तपासणी व दुरुस्ती केली जाते. त्याच पर्यायाला 'रॅम' हे मूल्य दिल्यास जतन संचिका बाजूला ठेवून कोरी प्रणाली सुरू होते.

कोऱ्या प्रणालीत जतन संचिका वापरात नसते, म्हणून तिची प्रत काढण्यासाठी हीच वेळ योग्य असते. ही एक संचिका अन्यत्र नकलून ठेवली की वापरकर्त्याच्या सर्व बदलांची प्रत तयार होते. काटकसरी स्थापनेतील मूळ संचिका कधीच बदलत नसल्याने वरच्या थरात झालेला कोणताही गोंधळ जुनी प्रत परत ठेवून निस्तरता येतो.

== देवनागरीचा वापर ==

आकार लहान ठेवण्यासाठी पपीमध्ये मोजकेच टंक दिलेले असतात. देवनागरी अक्षरांच्या जागी चौकटी दिसत असल्यास 'लोहित देवनागरी' यासारखा मुक्त टंक टंकांच्या फोल्डरमध्ये ठेवून मराठी मजकूर वाचता येतो. काटकसरी स्थापनेत हा टंक जतन संचिकेत साठतो व पुढील प्रत्येक वेळी उपलब्ध राहतो.

== मर्यादा ==

पपीमध्ये वापरकर्ता मुख्य प्रशासकाच्या म्हणजे 'रूट'च्या अधिकाराने वावरतो. त्यामुळे कामे सोपी होतात, परंतु चुकीच्या आज्ञेला अटकावही राहत नाही. महाजालावरील आज्ञावली मर्यादित अधिकाराने चालवण्यासाठी 'स्पॉट' नावाचे वेगळे खाते दिलेले असते. अनेक व्यक्ती स्वतंत्र खात्यांनी वापरणार असलेल्या संगणकासाठी ही रचना सोयीची नाही. प्रणाली हलकी असली, तरी आधुनिक संकेतस्थळे व ती दाखवणारे न्याहाळक बरीच रॅम व्यापतात. जुन्या यंत्रावर लेखन, हिशेब व संगीत सुरळीत चालले, तरी चलचित्रे व मोठी संकेतस्थळे संथ राहू शकतात.

== हे सुद्धा पहा ==

* लिनक्स
* नॉपिक्स
* स्लॅकवेअर
* उबुंटू
* मुक्त स्रोत सॉफ्टवेअर