‘चाक उचलणे’ : एका कौशल्याचे वर्णन आणि मराठी क्रियापदे

सायकलचे पुढचे चाक हवेत ठेवून केवळ मागच्या चाकावर चालत राहणे, या कसरतीला तरुण मंडळी ‘व्हीली’ म्हणतात. साध्या मराठीत आपण त्यास ‘चाक उचलणे’ म्हणू. विषय वरवर क्रीडेचा दिसतो. परंतु जे अंगाने करावयाचे ते शब्दाने कितपत शिकविता येते, हा भाषाभ्यासकाचा प्रश्न त्यात स्वच्छपणे पुढे येतो. भंडारा जिल्ह्यात सायकल हे नित्याचे वाहन असल्याने हे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांस परके वाटू नये.

प्रथम क्रियेचे स्वरूप पाहू. सडकेवरच्या शर्यतीच्या सायकलचे दोन आस एकमेकांपासून सुमारे 1 मीटर अंतरावर असतात. सायकल व स्वार यांचा एकत्रित गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या 40 सें. मी. पुढे आणि जमिनीपासून 110 सें. मी. उंच आहे, असे उदाहरणापुरते मानू. मागच्या चाकाची त्रिज्या सुमारे 34 सें. मी. असल्याने हा मध्य आसाच्या 76 सें. मी. वर राहतो. तो आसाच्या बरोबर वर यावयाचा तर सायकल सुमारे 28 अंश वर फिरली पाहिजे. त्या वेळी पुढचा आस जवळजवळ 47 सें. मी. उचललेला असतो. हाच तोलाचा बिंदू होय. त्याच्या अलीकडे चाक खाली येऊ पाहते, पलीकडे स्वार पाठीवर पडू पाहतो.

येथे ‘उचलणे’ हे क्रियापद शिकणाऱ्यास चकविते. मराठीत उचलण्याचे काम प्रायः हाताचे. त्यामुळे नवशिका हॅण्डल ओढतो, खांदे आखडतो, आणि चाक वीतभर उठून आपटते. वस्तुतः चाक उठते ते पॅडलच्या जोराने. वरील मापे धरल्यास दर सेकंदास वेग सेकंदाला सुमारे 3.6 मीटरने वाढेल इतका जोर मिळाला की पुढचे चाक आपोआप हलके होते. धड मागे नेले तर याहून कमी जोर पुरतो. म्हणून हलका, परंतु अगदीच हलका नव्हे असा गिअर घ्यावा, मंद गतीने चालावे, बळकट पायाचे पॅडल वर येताच ते जोराने दाबावे आणि त्याच क्षणी धड मागे न्यावे. हात वाकवावयाचे नाहीत; ते दोरीसारखे ताणलेले असावेत.

चाक उठल्यानंतरचा भाग अधिक कठीण, आणि येथे आपली भाषा विलक्षण नेमकी ठरते. ‘तोल जाणे’ यात कर्ता नाही. ते आपणास घडते. ‘तोल सांभाळणे’ यात एक स्थिर स्थिती राखल्याचा भास आहे. ‘तोल सावरणे’ यात गेलेले परत आणणे अभिप्रेत आहे. चाक उचलून चालणारा स्वार तोल सांभाळीत नसतो, तो अखंड सावरीत असतो. मागे कलू लागला की मागचा ब्रेक किंचित दाबावा, पुढे कलू लागला की पॅडल दाबावे. बाजूचा तोल आणखी अवघड. सामान्य सायकलस्वार ज्या बाजूस कलतो तिकडे चाक वळवून सावरतो. पुढचे चाक हवेत असता हा उपायच उरत नाही. मग गुडघे व कंबर यांवरच विसंबावे लागते.

या सावरण्यास अवकाश किती? वरील मापांनी तोलातील चूक पाव ते तृतीयांश सेकंदात अडीचपटीहून अधिक होते. मनुष्याला दिसलेल्या खुणेस प्रतिसाद देण्यास सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे ‘ब्रेक दाब’ हे दोन शब्द ऐकून, समजून, कृती करावी तोवर प्रसंग टळून गेलेला असतो. शब्द खोटा नसतो, तो उशिरा पोचतो. म्हणून पहिला धडा चाक उचलण्याचा नसून मागच्या ब्रेकने ते खाली आणण्याचा असावा. ही सवय बोटात मुरली की पडण्याचे भय आपोआप ओसरते.

गिल्बर्ट राइल यांनी 1949 साली ‘अमुक आहे हे जाणणे’ आणि ‘अमुक कसे करावे हे जाणणे’ असा भेद मांडला. 1958 साली मायकेल पोलान्यी यांनी सायकलस्वाराचेच उदाहरण घेऊन दाखविले की, तोलाचा गणिती नियम स्वारास ठाऊक नसतो, आणि ठाऊक झाल्याने सायकल येतही नाही. शास्त्रज्ञांचीही स्थिती फार निराळी नव्हती. चाकांच्या भोवऱ्यासारख्या गतीवाचूनही सायकल स्वतः सावरू शकते, हे 2011 साली प्रयोगाने दाखविले गेले. तोवर कोट्यवधी लोक सायकल चालवीतच होते. मराठी बोलणाऱ्यास राइल यांचा भेद व्याकरणातच मिळतो. ‘मला नियम माहीत आहे’ आणि ‘मला सायकल येते’ या दोन्ही वाक्यांत ‘मला’ हेच रूप आहे. परंतु दुसऱ्यात कौशल्य हेच कर्ता होऊन आपल्याकडे चालत येते. आपण त्यासाठी वाट मोकळी करावयाची, एवढेच.

वाट मोकळी करणे म्हणजे जागा व साधन यांची निवड. शर्यतीच्या सायकलचे टायर अरुंद आणि चाके हलकी. पुढचे चाक तिरपे टेकले तर स्वार फेकला जातो, जोराने आपटले तर रिम वाकते. पाय पॅडलला जखडणारे बूट शिकताना वापरू नयेत, शिरस्त्राण घालावे, मागचा ब्रेक कोणत्या हाती आहे हे आधी पाहून घ्यावे. किंचित चढाची गवताळ जागा उत्तम. भंडारा, लाखनी, साकोली या गावांवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 ही मात्र या अभ्यासाची जागा नव्हे.

एक काम विद्यार्थ्यांसाठी उरते. विदर्भात उंची न पुरणारी मुले दांड्याखालून पाय घालून मोठी सायकल शिकत; तीस ‘कैची’ म्हणतात. या एका शब्दात शरीराची संपूर्ण मांडणी आली आहे. झाडीबोलीच्या या प्रदेशात थोरला भाऊ धाकट्यास सायकल शिकविताना कोणती क्रियापदे वापरतो, ती शिकवणी चालू असतानाच टिपावीत. मागाहून विचारू नये. कारण मागाहून सांगणारा जे माहीत आहे ते सांगतो, जे येते ते नव्हे.