वस्तीसाठी जुनी जीप घेताना

केमच्या बाजूला काळ्या रानात पाऊस झाला की पाणंदीत चाक रुतते. वस्तीवर कुणी आजारी पडले, तर डांबरी रस्ता गाठणे हीच मोठी अडचण. अशा घराला जुनी दोन दारांची जीप किंवा १९८५ साली आलेली मारुती जिप्सी उपयोगी पडते. चारही चाकांना ओढ मिळाली की गाडी चिखलातून निघते.

पण सगळ्याच जुन्या जीप फोर-व्हील नसतात. खाली वाकून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट पाहा, चासी गंजली आहे का तेही पाहा. फोर-व्हीलचा दांडा चिखलातच टाका. कोरड्या डांबरावर गिअरवर ताण येतो, टायर झिजतात.

आरसी बुकातील इंजिन व चासी नंबर ताडून घ्या, कर्जाचा बोजा उतरल्याची खात्री करा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवावी लागते. तो खर्च आधीच धरा.

मागच्या समोरासमोरच्या बाकांना बहुधा पट्टे नसतात. तिथे रोज लेकरे बसणार असतील, तर पट्टे बसवल्याशिवाय गाडी वापरू नका. दारापर्यंत पक्की सडक असेल, तर साधी चार दारांची मोटारच बरी.