छप्पर गळत नाही, तरी भाव कमी का मागायचा?

अमेरिकेत घर घेताना इन्स्पेक्शनमध्ये छप्पर जुनं निघालं की विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: गळत तर नाही ना! पण प्रश्न गळतीचा नाही, उरलेल्या आयुष्याचा आहे. साध्या डांबरी शिंगल्सचं छप्पर साधारण 15 ते 20 वर्षं टिकतं. शिंगल्सच्या कडा वर वळल्या असतील, पन्हाळीत वाळूसारखे काळे कण साचले असतील, तर वरचं कवच झडू लागलं आहे. विमा कंपन्याही वय बघतात. फ्लोरिडात 2022 च्या कायद्यानुसार 15 वर्षांच्या आतल्या छपराला केवळ वयावरून विमा नाकारता येत नाही. त्याहून जुनं असेल, तर किमान 5 वर्षं आयुष्य शिल्लक असल्याचं तपासणीतून दाखवावं लागतं.

मग नव्या छपराचे पूर्ण पैसे मागावेत का? मला ते रास्त वाटत नाही, कारण नवं छप्पर पुढे तुम्हीच वापरणार. जुन्या छपराचं वय विकणाऱ्याने आधीच सांगितलेलं असेल, तर मागणी आणखी लंगडी पडते. म्हणून इन्स्पेक्शनची मुदत संपायच्या आत छपराच्या ठेकेदाराकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यातला वाजवी वाटा मागा. तोही शक्यतो भावात कपात म्हणून. विकणाऱ्याने निघता निघता उरकलेल्या कामापेक्षा माल आणि माणूस आपण निवडलेला बरा.